बुद्धिबळ इंजिन: चाली जुळल्या, आता विकायचं काय?

माझ्या बुद्धिबळ इंजिनाचा, म्हणजे डाव खेळणाऱ्या प्रोग्रॅमचा, चाली तयार करणारा भाग पक्का झाला. सुरुवातीच्या मांडणीतून दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चाली खोल गेलं की शक्य चालक्रमांचा ४८,६५,६०९ हाच आकडा यायला हवा, आणि तोच येतो. कॅसलिंग आणि प्याद्याच्या बढतीसाठी किवीपीट ही चाचणीसाठीची प्रसिद्ध मांडणी घेतली. तिथेही चार चालींचे ४०,८५,६०३ बरोबर जुळले. अल्फा-बीटा, हॅश टेबल, नल मूव्ह ही शोध वेगवान करणारी तंत्रंही बसलीयेत.

आता जो तो विचारतो, विकणार का?

नुसत्या ताकदीवर इंजिन खपायचं तो काळ होता. २००५च्या अखेरीस वासिक राजलिचचं रिब्का आलं आणि फ्रिट्झ, श्रेडर, ज्युनियर ही तेव्हाची इंजिनं सगळी मागे पडली. पण त्याआधीच, २००० साली, श्रेडरवाले स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ ह्युबर यांनी यूसीआय, म्हणजे पट आणि इंजिन यांच्यातली बोलण्याची सामायिक पद्धत, आणलं होतं. पट दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा, विचार करणारं इंजिन वेगळं. एकदा पट घेतला की हवं ते इंजिन जोडा. स्वतः इंजिन विकणाऱ्या माणसाने हे दार सगळ्यांना उघडून दिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याच दारातून २००८मध्ये स्टॉकफिश आलं, फुकट आणि खुल्या कोडसकट. २०१३पासून फिशटेस्ट या त्याच्या चाचणी-व्यवस्थेवर जगभरचे लोक चाचण्यांसाठी आपापले कॉम्प्युटर देऊ लागले. एकट्या लेखकाने त्यापुढे टिकायचं कसं? कोमोडो हे विकत मिळणारं इंजिन बराच काळ तोडीस तोड राहिलं. २०१८मध्ये चेस डॉट कॉमने ते विकत घेतलं. चेसबेस या बुद्धिबळ सॉफ्टवेअर कंपनीने २०२१मध्ये स्टॉकफिशच्याच कोडवरचं फॅट फ्रिट्झ २ बाजारात आणलं, तेव्हा परवान्याच्या अटींवरून प्रकरण म्युनिकच्या कोर्टात गेलं आणि २०२२मध्ये तडजोडीने मिटलं.

एलोसाठी, म्हणजे ताकदीच्या रेटिंगसाठी, आता कोणी दमडी मोजणार नाही. माणसासारखं हरणाऱ्या आणि जिंकणाऱ्या इंजिनाला मात्र गिऱ्हाईक आहे, असं माझं ठाम मत आहे. लेव्हल १४००वर ठेवली की कित्येक प्रोग्रॅम बारा चाली ग्रँडमास्टरसारख्या खेळतात आणि तेराव्या चालीला वजीर फुकट देतात. खरा १४००वाला असा खेळत नाही. त्याला लांबून येणारा उंट दिसत नाही, मागे जाणारा घोडा सुचत नाही.

म्हणून पुढच्या व्हर्जनमध्ये खालच्या लेव्हलला मागे जाणाऱ्या शांत (मारामारी नसलेल्या) चाली काही प्रमाणात शोधातूनच गाळतोय. किती गाळायच्या, ते खऱ्या डावांवरून ठरवायचंय. १२०० ते १६०० रेटिंगच्या क्लबमधल्या डावांच्या पीजीएन (डाव नोंदवण्याच्या) फायली कोणाकडे असतील तर जरूर द्या. घड्याळाच्या वेळा नोंदलेल्या असतील तर फारच उत्तम.