डिस्चार्जच्या दिवशीच अर्धी फाईल : वैद्यकीय प्रतिपूर्तीचा माझा अनुभव

वैद्यकीय प्रतिपूर्तीची, म्हणजे उपचाराचा खर्च शासनाकडून परत मिळवण्याची, फाईल बिघडते ती बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी. आपल्याला ते कळतं मात्र फार उशिरा, त्रुटीचं पत्र हातात पडल्यावर. कोकणातल्या कर्मचाऱ्याला याचा फटका जरा जास्तच बसतो, कारण मोठा दवाखाना घाटापलीकडे असतो. एका राहिलेल्या सहीसाठी कोल्हापूर म्हणजे जाऊन येऊन अडीचशे किलोमीटर, आणि पावसाळ्यात दरड आली तर तेही नक्की नाही.

माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि कोल्हापूरच्या एका खाजगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी करावी लागली. मी तालुक्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या कार्यालयात आस्थापनेच्या (कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामाच्या) टेबलावर काम करतो, त्यामुळे इतरांच्या फायली रोज हातातून जातात. ही फाईल घरचीच होती. ती कशी बांधली आणि कुठे काय पाहिलं, ते लिहितो.

आधी पाया. आपल्याला, म्हणजे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना, महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ लागू आहेत. मूळ कल्पना अशी की कर्मचाऱ्याने शासकीय रुग्णालयात उपचार घ्यावेत. खाजगी रुग्णालयातला खर्च हा अपवाद, आणि तो कोणत्या आजारांना मिळेल याच्या याद्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात आहेत : २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर आजार. पुढे त्यात भर पडत गेली, पण ऑफिसात आजही सगळे ‘सत्तावीस-पाच’ असंच म्हणतात. गंभीरमध्ये हृदय शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंड प्रतिरोपण आणि रक्ताचा कर्करोग. आकस्मिकमध्ये हृदयविकाराचा झटका, अपघात, तीव्र पोटदुखी, विषमज्वर, भाजणं, उष्माघात, प्राणी चावल्यामुळे होणारी विषबाधा वगैरे.

यादीतला शब्द आणि डिस्चार्ज कार्डावरचं निदान जुळलं पाहिजे. सगळ्यात जास्त त्रुटी इथेच निघतात. आपल्याकडे फुरसं (विषारी साप) चावून दाखल झालेल्या माणसाच्या कार्डावर नुसतं ‘अज्ञात दंश’ लिहून येतं, मग विषबाधा झाली होती हे सिद्ध कशावरून करायचं? रक्त गोठण्याच्या तपासण्या, दिलेली प्रतिसर्पविषाची इंजेक्शनं हे सगळं केस पेपरात असतं, पण कार्डावर आलेलं नसतं. वडिलांच्या कार्डावर मी दोन्ही गोष्टी आहेत ना ते पाहून घेतलं : दाखल करतानाचा झटका (आकस्मिक) आणि नंतर केलेली अँजिओप्लास्टी (गंभीर). डॉक्टरांना सांगितलं तर ते लिहून देतात, फक्त सांगायचं ते छापायच्या आधी.

आता रुग्णालयातून काय काय घ्यायचं. डिस्चार्ज कार्ड. तातडीचं प्रमाणपत्र, ज्यात दाखल केल्याची तारीख, वेळ, आणल्यावर रुग्णाची अवस्था आणि लगेच उपचार का करावे लागले हे स्पष्ट असतं. ‘रुग्णास तातडीने दाखल केले’ एवढं एक वाक्य पुरत नाही. क आणि ड ही विहित प्रपत्रं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि रुग्णालयाचा शिक्का यांसह. प्रपत्रांचे कोरे नमुने आपण आपल्या ऑफिसातून घेऊन जायचे. ‘आमच्याकडे फॉर्म नाही’ हे उत्तर कोल्हापुरात ऐकून परत यायचं नसेल तर दोन-दोन प्रती पिशवीत असू द्याव्यात. माणूस आयसीयूत असताना हे सुचत नाही हे खरं, म्हणून ऑफिसातल्या कुणाला तरी मोबाईलवर पाठवायला सांगावं आणि तिथेच प्रिंट काढावी.

बिलाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे कापले जातात ते इथे.

अंतिम बिल तपशीलवार हवं. ‘अँजिओप्लास्टी पॅकेज’ अशी एका ओळीची रक्कम असेल तर तपासणारा अधिकारी ती कशाशी ताडून पाहणार? खोलीभाडं, आयसीयू, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली), डॉक्टरांची फी, तपासण्या, साहित्य, औषधं असं फोडून मागायचं. खोलीची पात्रता कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनावर ठरते, त्या पात्रतेपेक्षा जास्तीचं भाडं कापलं जातं. डिलक्स रूम घेतली तर फरक आपल्या खिशातून हे धरूनच चालायचं.

स्टेंटचं (रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवलेल्या बारीक जाळीचं) स्वतंत्र बिल आणि स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर, दोन्ही लागतं. या स्टिकरवर कंपनी, मापं आणि लॉट नंबर असतो. कॅथलॅबमध्ये ते केस पेपरला चिकटवतात. त्यातलं एक आपल्यासाठी मागून घ्यायचं किंवा त्या पानाची साक्षांकित प्रत घ्यायची. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतींवर केंद्राने कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये असा आकडा होता, पुढे तो वेळोवेळी बदलत गेला. बिलात त्या काळच्या मर्यादेपेक्षा जास्त किंमत दिसली तर तिथल्या तिथे विचारायचं, नंतर कुणी फोन उचलत नाही.

औषधांची बिलं मेडिकलमधून रोज तीन-चार येतात. प्रत्येकावर रुग्णाचं नाव, तारीख, बॅच नंबर आणि दुकानाचा परवाना क्रमांक आहे ना ते पाहायचं, आणि मागच्या बाजूला डॉक्टरांची सही-शिक्का घ्यायचा. तारीख दाखल होण्याच्या आणि डिस्चार्जच्या मधली हवी. वापरात न आलेली औषधं मेडिकलवाला परत घेतो आणि वजावटीची पावती देतो. ही पावती फार महत्त्वाची. ती न लावता सगळ्या बिलांची बेरीज केली की ती रुग्णालयाच्या गोषवाऱ्याशी जुळत नाही, आणि जादा रक्कम मागितल्यासारखं दिसतं. अनामत म्हणून भरलेल्या पावत्यांचंही तसंच. त्या अंतिम बिलात वळत्या झालेल्या असतात, त्या पुन्हा बेरजेत धरायच्या नाहीत. घरी न्यायची महिन्याभराची औषधं वेगळ्या बिलावर घ्यावीत. ती अंतिम बिलात मिसळली की तपासणारा पूर्ण पान लाल पेनने भरतो.

कापलं जाणारं बाकीचं ठरलेलं आहे : प्रोटीन पावडर, टॉनिक, साबण, डायपर, जेवण, नातेवाइकाच्या खाटेचे पैसे, फाईल चार्ज, नोंदणी फी. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आपणच प्रपत्रातल्या यादीतून ते वगळलं तर फाईल स्वच्छ दिसते आणि बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

एक बारीकशी गोष्ट. बरीचशी बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात. आपल्या हवेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ती दोन महिन्यांत कोरी होतात, आणि पावसाळ्यात टाचणीचा गंज कागदावर उतरतो तो निराळाच. घरी आल्याबरोबर झेरॉक्स काढायच्या, मूळ बिल आणि झेरॉक्स एकाच पानाला डकवायची, आणि स्टेपलरऐवजी दोरा वापरायचा. जुन्या कारकुनांचा हा शहाणपणा मला अजून पटतो.

आता ऑफिसची बाजू. वडील अवलंबित असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कर्मचाऱ्यासोबत राहतात हेही. कोकणात नेमकं इथे अडतं : नोकरी मुंबई-ठाण्यात किंवा तालुक्याला, आणि आईवडील गावच्या घरात, गावच्याच रेशनकार्डावर. रेशनकार्ड, आधार आणि सेवापुस्तकातली कुटुंबाची नोंद यांतले पत्ते आणि नावं एकमेकांशी जुळली पाहिजेत. सेवापुस्तकात ‘दत्ताराम’ आणि आधारावर ‘दत्तात्रय’ असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडावं. वडिलांना निवृत्तिवेतन असेल तर ते अवलंबित ठरतात की नाही, हे फाईल बांधायच्या आधी तपासावं. विवाहित महिला कर्मचाऱ्याने आईवडील की सासूसासरे, हा पर्याय सेवापुस्तकात नोंदवलेला असावा. आजारपण आल्यावर नोंद करायला गेलं की शंका येतेच.

त्याशिवाय १ मे २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही असं लेखी, पती किंवा पत्नी नोकरीत असल्यास त्यांनी हाच खर्च मागितला नसल्याचा त्यांच्या कार्यालयाचा दाखला, आणि मेडिक्लेम किंवा अन्य योजनेतून पैसे घेतले नसल्याचं हमीपत्र. मेडिक्लेम कंपनी मूळ बिलं मागते आणि आपलं ऑफिसही मूळच मागतं. एकच खर्च दोन ठिकाणी मागता येत नाही, त्यामुळे कोणता रस्ता धरायचा ते डिस्चार्जआधीच ठरवावं. उपचार चालू असतानाच कार्यालयप्रमुखांना एक साधा अर्ज किंवा ईमेल करून ठेवावा. प्रस्तावाला उशीर झाला तर खुलासा द्यावा लागतो, तेव्हा तो कागद कामाला येतो.

पूर्ण संच कार्यालयाच्या पत्राने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे (जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांकडे) जातो. रायगडचं कार्यालय अलिबागला, रत्नागिरीचं रत्नागिरीत, सिंधुदुर्गाचं ओरोसला. तिथे दोन गोष्टी पाहिल्या जातात : आजार यादीत बसतो का, आणि कोणती रक्कम अनुज्ञेय, म्हणजे नियमाने देता येण्यासारखी, आहे. उपचार दुसऱ्या जिल्ह्यात झाला असेल तर तपासणी कुठल्या शल्यचिकित्सकांकडे करायची, हे आपल्या विभागाकडून आधी लेखी घ्यावं. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं तर गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जातात, म्हणजे राज्याची हद्दच ओलांडली जाते. तिथे हे विचारणं आणखी गरजेचं. फाईल देताना बारनिशीतला (आलेल्या टपालाच्या नोंदवहीतला) आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्यायची. नंतर ‘तुमची फाईल दिसत नाही’ असं झालं तर या क्रमांकाशिवाय बोलायला काही उरत नाही. त्रुटी निघालीच तर उत्तर एका पत्रात, आक्षेपाच्या क्रमाने, पुरावा जोडून द्यावं. तोंडी समजावून सांगितलेलं फाईलवर येत नाही, आणि टेबलावरचा माणूस बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिथून परत आल्यावर रकमेच्या मर्यादेप्रमाणे मंजुरी कार्यालयप्रमुख, विभागप्रमुख किंवा मंत्रालय यांपैकी कुणाची लागते ते ठरतं. या टप्प्यात आपल्या हातात फारसं काही नसतं. गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा आमच्याकडे कुठलीच फाईल हलत नाही, ते गृहीत धरावं.

मंजुरी आली म्हणजे पैसे आले असं नाही. बीम्सवर (शासनाच्या अर्थसंकल्पी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर) त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यात, तरतूद शिल्लक असेल तरच आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पैसे काढून वाटणारा अधिकारी) देयक कोषागारात पाठवू शकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजुरी मिळाली आणि तरतूद संपलेली असेल, तर देयक पुढच्या आर्थिक वर्षात जातं. म्हणून डिसेंबरच्या सुमारास लेखा शाखेला आपल्या प्रलंबित रकमेची नोंद द्यावी, सुधारित मागणीत ती धरली जाते. मूळ मंजुरी आदेश, शल्यचिकित्सकांचं तपासणी प्रमाणपत्र आणि पैसे मिळाल्याची पोच देयकाला जोडतात. रक्कम ५,००० रुपयांवर असली की पोच एक रुपयाच्या महसूल तिकिटावर सही करून.

अनुज्ञेय रक्कम मागणीपेक्षा कमी आली तर कापलेल्या बाबींची यादी मागून घ्यावी. ती फाईलवर असतेच. तपशील नसल्यामुळे काही कापलं असेल तर रुग्णालयाकडून तो आणून फेरतपासणीची विनंती करता येते. खोलीभाडं किंवा टॉनिक म्हणून कापलं असेल तर तिथेच थांबावं.