गुहागर: समुद्राकडे उघडणारं मागचं दार

गुहागरला जायचं ठरलं तेव्हा खोली बघायचं काम माझ्याकडे आलं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना नको आणि कमोड हवा. बाबांना समुद्र पायी जाता येईल इतका जवळ हवा. मोबाइलवर एक जागा सापडली. फोटोत मोठी खिडकी आणि खिडकीत निळं पाणी. खोली तळमजल्यावर आहे असं फोनवर सांगितल्यावर मी निम्मे पैसे आगाऊ भरून टाकले.

पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूणला चहा घेतला आणि पुढचे ४५ किलोमीटर कापून बाराच्या सुमारास पोचलो. खोली निघाली दुसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. पैसे परत मिळाले नाहीत. पण मला लागलं ते आईचं बोलणं. पहिल्याच पायरीवर टेकून ती म्हणाली, "असू दे गं, चढेन मी हळूहळू."

तिला तिथे चढवायचं नाही, एवढं नक्की केलं. गाडी व्याडेश्वराच्या देवळापाशी लावली, आईबाबांना सभामंडपात सावलीला बसवलं आणि मी चालत निघाले.

गुहागरची ठेवणच अशी आहे की इथे खोली पायी फिरून शोधावी. गाव समुद्राला समांतर, लांबट पसरलेलं. वरचा पाट, खालचा पाट अशी भागांची नावं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्याच्या गडग्यांआड कौलारू घरं. पश्चिमेकडच्या घरांच्या मागे नारळ-पोफळीची आगरं, आगरं संपली की सुरूची झाडं आणि मग थेट पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. म्हणजे घराचं पुढचं दार रस्त्यावर आणि मागचं समुद्रावर. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात, त्या पाट्यांवर खिडकीतला समुद्र नसतो.

दोन घरं भरलेली होती. तिसऱ्या घरी अंगणात असोली, म्हणजे सालासकट, सुपारी वाळत पडली होती आणि साठीच्या एक काकू पायानेच ती खालीवर करत होत्या. मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "किती माणसं आहात?"

"तिघं. आईला जिना चढवत नाही हो."

"मग पडवीशेजारची खोली बघा. उंबऱ्याला एक पायरी आहे, तिथे मी पाट टाकून देते. जेवायला आहात ना? आज एकादशी, आमचा उपास. पण तुम्हाला आमटी-भात करते."

खोलीत दोन खाटा, एक गादी, पंखा. संडास खोलीला लागून, कमोड होता. भाडं दिवसाला १५०० रुपये, जेवणाचं वेगळं. आगाऊ काही मागितलं नाही. मी आईला आणायला देवळाकडे जवळजवळ पळतच गेले.

आता कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगते: फोटो बघू नका, फोन करा आणि नेमकं विचारा. पायऱ्या किती? घरातली माणसं तिथेच राहतात का? समुद्रावर आगरातून जाता येतं की रस्त्याने वळसा घालून? जेवणाचं किती वाजेपर्यंत सांगायचं? घरात राहणारं माणूस ही उत्तरं विचार न करता देतं. नाताळात आणि मे महिन्यात मात्र न ठरवता जाऊ नका, म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुळीच नको. आम्हाला खोली मिळाली, कारण जानेवारीतला मधला वार होता.

चारला ऊन कललं आणि आई मागच्या दाराने निघाली. आगरातली वाट शिंपण्याने ओली, गार. पोफळींच्या मधे जायफळाची झाडं, खोडांवर मिरीचे वेल. आई दर दहा पावलांनी थांबत होती, दुखतंय म्हणून नव्हे, बघायला. शेवटचं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलं आणि समोर ओहोटीने लांबवर उघडी पडलेली, चकचकीत पुळण. माणसं मोजून सात-आठ. कितीतरी वर्षांनी तिचे पाय समुद्रात भिजले.

रात्री जेवताना बाबांनी जवळच्या हेदवी गावची बामणघळ बघायची आहे म्हटलं. खडकातली ती अरुंद घळ भरतीच्या वेळीच बघावी, लाट आत घुसून पाणी उंच उडतं. भरती किती वाजता, म्हणून मी मोबाइल हातात घेतला. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "उद्या द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊच्या सुमाराला पूर्ण भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. शाळेतली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, इथे अजून रोज वापरात आहे. "आठला निघा. घावन मी सातलाच घालते."

दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना आम्ही घळीच्या अलीकडच्या खडकावर उभे होतो. आई मागे, दगडावर बसलेली. आधी खोल कुठेतरी गडगडल्यासारखं झालं, मग पांढरं पाणी सरळ वर गेलं आणि त्याचे थेंब तिच्या चष्म्यावर येऊन पडले. तिने चष्मा पुसला नाही.