तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे येऊन गेल्यावर तुम्ही का जाता?

"सगळे जाऊन आले, आता काय आहे तिकडे?" हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, ऑफिसातल्या तिघींनी विचारलाय, खालच्या मजल्यावरचे काका तर जिन्यात गाठून विचारतात, आणि गेल्या महिन्यात ज्या ड्रायव्हरची गाडी ठरवली त्यानेही विचारला. म्हणजे जो पैसे घेऊन नेणार तोच म्हणतोय, मॅडम आता कशाला जाताय. तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकू, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

तर हो, आमच्या घरचा नियम आहे. पेपरात चमत्कारिक बातमी आली, जागा पुण्यापासून गाडीने जाण्यासारखी असली, तर तीन महिने जायचं नाही. सासूबाई कात्रण कापतात, त्यावर बॉलपेनने तारीख घालतात आणि खाली लिहितात "दिवाळीनंतर" किंवा "पाडव्यानंतर". औषधाच्या बाटलीवर असते तशीच एक्सपायरी, फक्त आमच्याकडे ती उलटल्यावर औषध घेतात.

यामुळे काय काय झालंय ते आधीच कबूल करते, म्हणजे तुमचे टोमणे तरी वाचतील.

"उजनी मायनसमध्ये" ही बातमी तुम्हीही वाचली असेल. मला हे मथळे फार आवडतात. धरण मायनसमध्ये कसं जातं? मुलगा लहान असताना त्याला वाटायचं खड्डा पडला असेल. तर ते असं, की उजनीचा मृतसाठाच, म्हणजे सहज सोडता न येणारं तळाचं पाणी, सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, तो हिशोबात शून्याच्या खाली धरतात, म्हणून कागदावर धरण मायनस आणि प्रत्यक्षात अर्धा समुद्र. पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं आणि मग "पुरातन मंदिर पाहण्यासाठी भाविकांची मांदियाळी". आम्ही नियमाप्रमाणे सप्टेंबरात गेलो. देऊळ परत पाण्यात. फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात, त्यामुळे तेही नाहीत. भिगवणला चिलापी फ्राय खाऊन घरी आलो. नवरा म्हणाला, तीनशे रुपयांच्या माशासाठी दोन हजारांचं पेट्रोल, आपणच मायनसमध्ये.

नाणेघाटाचा उलटा धबधबाही तसाच. कोकणातून कड्यावर वारा असा आदळतो की खाली पडणारं पाणी वर उडतं. दर पावसाळ्यात ही बातमी येते आणि दर पावसाळ्यात जणू पहिल्यांदाच घडल्यासारखी येते. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. पाणी वर जात नव्हतं आणि खालीही येत नव्हतं. पण घाटाच्या तोंडाशी तो जकातीचा दगडी रांजण आहे ना, त्याच्याजवळ आम्ही चौघंच होतो, आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख, त्याच्यासमोर सासूबाई अर्धा तास बसल्या. ब्राह्मी त्यांना येत नाही, मलाही येत नाही. त्या म्हणाल्या, अक्षर किती सरळ आहे गं, दगडावर, आणि तू वहीत ओळ सोडून लिहायचीस. (मी लिहीत नव्हते. ती त्यांची मुलगी.)

लोणारचं तर सगळ्यांना माहितीये. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं आणि आपण सगळे घरात कोंडलेले, भांडी धुवून किराणा पुसत बसलेलो. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मिठात राहणारे सूक्ष्मजीव माजले होते, त्यांचा तो रंग, असं इथल्याच आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. पुढे पाऊस पडला आणि रंग गेला. आम्ही गेलो ते दीड वर्षाने. पाणी हिरवं. वरच्या रस्त्यावर चहावाल्याने कप हातात द्यायच्या आधीच विचारलं, "गुलाबी बघायला आलात का?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "रोज एक येतोच."

आता मी लोकांना याचं काय कारण सांगते ते ऐका. सांगते की गर्दी सहन होत नाही. एका पावसाळ्यात "भुशी डॅम पर्यटकांनी फुलला" वाचून आम्हीही फुलवायला गेलो, पाच तास गाडीत बसून सहा कणसं खाल्ली, धरण दिसलंच नाही, तेव्हापासून कानाला खडा. हे खरं आहे. पण कारण हे नाही. भुशीनंतरही मी चांगली दोन-तीन वर्षं ताज्या बातमीमागे पळत होते, उलट मीच सगळ्यांना पळवायचे, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर विचित्र मथळा पहिला टाकायचा मान माझा होता.

९ डिसेंबर २०२०. बुधवार. घरून काम, आठ-नऊ महिने तेच टेबल, तोच नवरा. सकाळी मेसेज आला की कोथरूडला महात्मा सोसायटीत गवा आलाय. कुणी लिहिलं रेडा, कुणी बायसन, एकाने तर म्हैस हरवलीये असं लिहिलं. पुण्यात गवा म्हणजे मथळाच झाला ना हो! मी साडेअकराच्या मीटिंगला "नेटवर्क इश्यू" टाकला, मुलाला स्कूटीवर मागे बसवलं आणि कर्वेनगरातून निघाले. नवरा म्हणाला मास्क घे. तेवढंच म्हणाला. आता तो म्हणतो मी तुला जाऊ नको म्हटलं होतं. नव्हतं म्हटलं.

कुठली गल्ली ते सांगत नाही. माणसं एवढी की गणपतीत असतात तशी, गच्चीवर, भिंतीवर, पार्क केलेल्या गाड्यांच्या टपावर, मास्क हनुवटीला. वर्षभर कुणी कुणाच्या दोन हात जवळ गेलं नव्हतं आणि तिथे खांद्याला खांदा. मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू, इतक्या महिन्यांनी माणसांत आल्यासारखं वाटलं, एका अनोळखी बाईने माझ्या पोराला वर उचलून दाखवलं, कुणीतरी गोळ्या वाटल्या. जत्राच होती. एवढंच की जत्रेत पाळणा असतो.

तो गल्लीच्या टोकाकडून आला. मी फोटोत पाहिलेला गवा केवढाच्या केवढा असतो, हा तसा होताच, पण मला आधी दिसले पाय. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे. ते मोजे पेव्हर ब्लॉकवर घसरत होते. खुरांना पकड मिळत नव्हती, मागचा भाग एका बाजूला जायचा आणि तो सावरायचा. तोंडाला फेस. एका गेटाशी थांबला, मान वळवून इकडे बघितलं, तेवढ्यात सगळे ओरडले आणि तो उलट्या बाजूला धावला. तिकडचे ओरडले. तो परत इकडे.

माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आहे. सतरा सेकंदांचा. त्यात गवा जेमतेम चार सेकंद आहे, बाकी सगळी डोकी. आणि पूर्ण सतरा सेकंद एका बाईचा आवाज आहे, "आला आला आला, इकडे आला, बघ बघ!" आणि मग हसणं. तो आवाज माझा आहे. इतरांचेही आवाज आहेत, पण फोन माझ्या हातात म्हणून माझाच सगळ्यात मोठा.

तो व्हिडिओ मी तिथूनच ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "कोथरूडमध्ये नवीन भाडेकरू दाखल, डिपॉझिट देण्यास नकार". सोळा जणांनी हसणारे चेहरे टाकले. साहेबांनीही टाकला, नेटवर्क इश्यू माहीत असून. मी घरी येऊन वरण-भात लावला.

संध्याकाळपर्यंत बातमी आली की त्याला पकडला, आणि तो गेला. दमून, घाबरून. त्याच ग्रुपवर, माझ्या विनोदाच्या खाली, हसणारे चेहरे संपले की हात जोडलेले सुरू होतात. अगदी सलग. त्याच माणसांचे. मी डिलीट करायला गेले तर सगळ्यांसाठी डिलीट करायची वेळ उलटून गेली होती, फक्त माझ्यापुरतं होत होतं. ते नाही केलं मी. काय उपयोग.

आता इथे मला माहितीये तुम्ही काय म्हणणार, कारण मीही स्वतःला तेच म्हणते. मी काही दगड मारला नाही. मी काही मागे धावले नाही. मी घरी बसले असते तर गर्दीतून एक स्कूटी कमी झाली असती, गव्याला काय फरक? हिशोब बरोबर आहे. पण तिथल्या प्रत्येकाने हाच हिशोब केलेला असणार ना. आणि दुसरी मी, म्हणजे त्या दिवशीची, ती अजून वाद घालते की अगं पण तुला खरंच बघायचं होतं, जनावर बघायची हौस काय पाप आहे का, तुझे आजोबा ताडोबाला जायचे ते चालतं? तिला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त तिला तीन महिने थांबवते.

दोनच आठवड्यांत बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. तेव्हा लोकांना लांब ठेवलं आणि तो जंगलात परत गेला. मी त्या दिवशी घरात बसून होते, लॅपटॉप उघडा, सगळ्या मीटिंगला हजर. तो सुखरूप गेल्याचं वाचलं आणि मला इतका अभिमान वाटला, जणू मीच त्याला हायवे क्रॉस करून दिला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, दोन हजारातून एक वजा केला की किती उरतात ते मुलाला विचार.

बरं, नियमाचा फायदा झाला का? सरोवराला माझ्या येण्या-न येण्याने काही होत नाही. पळसदेवच्या देवळाला तर नाहीच. ज्याला होतं ते जनावर, आणि ते तीन महिन्यांनी तिथे नसतंच. म्हणजे माझा नियम जिथे लागतो तिथे गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे नियम न करताही कळायला हवं होतं. हे मुलाने दाखवून दिलं, आता तो पंधरा वर्षांचा आहे आणि सगळंच दाखवून देतो. तरी नियम आहे. आईंना कात्रणांवर तारखा लिहायला आवडतं, हेही एक कारण धरा.

आणि एवढं लिहिलंच आहे तर हेही. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत रात्री उदमांजर आलं. समोरच्या बिल्डिंगच्या पत्र्यावर बसलेलं, खाली बॅटऱ्या घेऊन वीस-पंचवीस जण, कुणीतरी "बिबट्याचं पिल्लू" म्हणून टाकलेलं. काकांनी खालून हाक मारली, "या की ताई, तुमचीच बातमी आहे!" मी म्हटलं नाही, आमचा नियम आहे, तुम्हीही वर जा, त्याला जाऊ द्या. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खिडकी लावली, दिवा बंद केला.

मग पडद्याच्या फटीतून फोन धरला आणि झूम केलं. हात हलला. पत्र्याची कड आली आहे आणि काळं काहीतरी, शेपूट असावी.