रिपोर्टमधले दोन आकडे

दहा महिन्यांची लेक बसवली की बसायची, पण उभी धरली की पाय नुसते लोंबायचे. ‘काही मुलं उशिरा उभी राहतात’ म्हणत पहिल्या डॉक्टरांनी आमचे पाच महिने घालवले. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही. मग तोंड उघडून जीभ दाखवली. तिच्यावर बारीक थरथर होती, रोज भरवूनही मला कधी न दिसलेली.

रक्ताचा रिपोर्ट आला. एसएमएन१ जनुकाचा सातवा एक्सॉन, म्हणजे जनुकातला कामाचा तुकडा: शून्य प्रती. एसएमएन२: तीन. आजार, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी: स्नायू हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जातात. आम्ही दोघंही धडधाकट, पण वाहक, म्हणजे दोष एकाच प्रतीत असलेले.

जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी कागदावर एकेका एक्सॉनसाठी एकेक चौकोन काढून समजावलं. जनुकाची आरएनए नक्कल निघाली की पेशी नको ते भाग कापते आणि कामाचे जोडते, हेच स्प्लायसिंग. एसएमएन२ जवळपास एसएमएन१सारखंच, फक्त सातव्या चौकोनात एका ‘सी’च्या जागी ‘टी’. त्या अक्षराने प्रथिनाचा मजकूर बदलत नाही, पण कापणारी यंत्रणा फसते आणि बहुतेक वेळा अख्खा चौकोनच गाळते. उपयोगाचं प्रथिन जेमतेम दहा टक्के उरतं.

“म्हणजे जनुक आहे, फक्त जोडणी चुकतेय?” नवऱ्याने विचारलं. नेमकं तेच.

२०१६च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेलं नुसिनर्सेन हे औषध नकलेत सातव्या चौकोनापुढच्या इंट्रॉनवर, म्हणजे कापून टाकायच्या भागावर, चिकटतं. चौकोन गाळायला लावणारी प्रथिनं तिथे बसतात, त्यांची जागाच अडते. जनुक मात्र जसंच्या तसं, म्हणून डोस चालूच ठेवायचे.

औषध रक्तातून मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, म्हणून पाठीतून. आधी मज्जारज्जूभोवतीचं पाच मिली पाणी काढायचं, मग तेवढंच औषध सोडायचं. पहिले तीन डोस चौदा-चौदा दिवसांनी, चौथा महिन्याभराने, पुढे दर चार महिन्यांनी. प्रत्येक वेळी आधी प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, लघवी. दुसऱ्या खेपेला रक्ताचा नमुनाच गोठला, पुन्हा सुई. तेव्हापासून कापूस दिसला की ती मुठी छातीशी घेते. मला पाठीच्या सुईपेक्षा हेच जास्त लागतं.

२०२०मध्ये आलेलं रिस्डिप्लॅम रोज तोंडाने देता येतं, कामही त्याच चौकोनावर. बदलायचं का, यावर घरात अजून एकमत नाही.

चौथ्या डोसनंतर काही आठवड्यांनी लंगोट बदलताना तिने टाचेने माझा हात ढकलला. मी लंगोट तसाच ठेवून हात परत पुढे केला. तिने परत ढकलला.