मशालीखालचा चौक

फोर्टात नोकरीला लागल्यावर पहिली कित्येक वर्षं मी हुतात्मा चौक फक्त ओलांडला. थांबले ती आईमुळे. तिला एकदा ऑफिस दाखवायला आणलं होतं, तर ती आधी स्मारकापाशी गेली, चपला काढल्या आणि हात जोडले. "आपलं राज्य असं फुकट नाही मिळालं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी वाचत गेले. इथे पूर्वी मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. तटबंदी पाडली गेली आणि १८६४ मध्ये फ्लोरा या रोमन देवतेचं कारंजं उभं राहिलं. चौकाचं 'फ्लोरा फाउंटन' हे नाव अजूनही लोकांच्या तोंडात आहे, त्याचा मला राग नाही. कारंजं सुंदरच आहे. दुरुस्तीत जुना रंग खरवडून काढल्यावर तर दगडावरचं कोरीवकाम डोळ्यांत भरतं.

पण मन थांबतं ते शेजारी. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागायला आलेल्या लोकांवर याच परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पुढे या लढ्यातल्या बळींचा आकडा शंभरावर गेला. राज्य आलं १ मे १९६० ला.

स्मारकात शेतकरी आणि कामगार, दोघांची मिळून मशाल एकच. जवळ जाऊन त्यांचे हात बघा. कुणी एकट्याने ती उचललेली नाही.

दर २१ नोव्हेंबरला मी आता पंधरा मिनिटं आधीची लोकल पकडते. आईसाठी झेंडूची दोन फुलं जास्तीची नेते.