क्लचचं फ्लुइड, भाचा आणि एक चूक

गेल्या नोंदीत रिव्हर्स टाकताना गिअर कुरकुरतोय म्हणून लिहिलं होतं. नंतर बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटला गाड्या तुंबल्या की पहिला गिअरही अडून बसायला लागला. पेडल पार तळाला टेकल्याशिवाय क्लच सुटेना. क्लच प्लेट गेली म्हणून सांगणारे दोघे भेटले. खरं क्लच घसरत नव्हता, चढाला गाडी नीट ओढत होती. म्हणून आधी फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारा द्रव, बदलायचं ठरवलं.

माझ्या गाडीत क्लचला वेगळी टाकी नाही. ब्रेकच्याच टाकीच्या बाजूने एक होज क्लचच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलकडच्या, फ्लुइड ढकलणाऱ्या सिलिंडरला जातो. त्याचं तोंड टाकीच्या तळापासून बरंच वर, म्हणजे क्लचकडून गळालं तरी ब्रेकपुरतं शिल्लक राहतं. हे मला माहीत होतं. तरी चुकलो, ते पुढे.

दिवसभर उद्यमबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्ह हाताळतो, त्यामुळे पहिला मोह कामावरची नळी आणि सिरिंज वापरायचा. अजिबात नको. आमचं तेल मिनरल, हे फ्लुइड ग्लायकॉलचं. मिनरल तेल लागलं की यातले रबरी सील फुगतात, आणि टाकी एकच म्हटल्यावर ब्रेकही गोत्यात. मग माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडून पारदर्शक नळी, मेडिकलमधून नवी सिरिंज, आणि डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक फ्लुइडची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली. घरात गेल्या पावसाळ्याआधी फोडलेली बाटली होती, ती वापरली नाही. हे फ्लुइड हवेतली ओल ओढतं आणि बेळगावच्या पावसात ओलीला काय तोटा! कोरडं डॉट 4 किमान 230 अंशापर्यंत उकळत नाही, पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच हद्द 155 वर येते.

शनिवारी एअर फिल्टरचा डबा काढून स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडचा, क्लच सोडवणारा) निपल, म्हणजे फ्लुइड बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू, घासला, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. रविवारी सिरिंजने टाकीतलं जुनं काढून नवं भरलं. पाना रिंगचाच. निपलचे कोपरे गोल झाले की रडायची पाळी.

भाचा पेडलवर. ‘दाब.’ ‘धर.’ मी निपल पाव आटा सैल करायचा, फ्लुइड नळीत आलं की बंद, मग ‘सोड.’ पहिलं आलं ते कुंद्यासारखं तपकिरी, वर काळे कण. पंधराएक दाबांनी रंग उतरायला लागला आणि मी कौतुकाने नळीकडेच बघत बसलो.

“मामा, पेडल वरच येईना की!”

टाकीत बघतो तर पातळी होजच्या तोंडाखाली. मास्टरने हवा ओढलेली. टाकी भरली, पेडल हाताने वर ओढत पुन्हा सगळं. बुडबुडे थांबायला पाऊण तास गेला, शंभर मिली फ्लुइड जास्तीचं. आता टाकीवर चिकटपट्टीची खूण आहे, दर पाच दाबांनी बघायचंच.

बॉनेटच्या कडेला चार थेंब सांडले, लगेच पाणी ओतलं. हे फ्लुइड गाडीचा रंग उखडतं.

जांबोटीपर्यंत जाऊन आलो. पेडल वर पकडतंय, रिव्हर्स गप्प.

खरं आठ दिवसांनी निपलमधून थोडं काढून बघितलं तर परत किंचित काळपट. म्हणजे कुठलंतरी सील झिजतंय. स्लेव्हचा बूट, म्हणजे तोंडावरचं रबरी टोपण, उलटून बघितला, कोरडा आहे, म्हणून संशय मास्टरवर. त्याचं सीलचं किट पुढच्या महिन्यात. भाच्याची अट आहे, तेव्हा पाना त्याच्या हातात आणि पेडलवर मी.