शटडाऊन दिलं तरी कॉम्प्युटर बंद व्हईना

कॉम्प्युटर बंद व्हायला तीन-चार मिनिटं लागली तर काय बिघडतं, असं वाटणाऱ्यांनी जुलै महिन्यात आमच्या औसा-निलंगा भागातल्या एखाद्या सेवा केंद्रावर येऊन बसावं. लाईट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस बोंबलायला लागतो. नवा असताना तो दहा-पंधरा मिनिटं सांभाळतो पण बॅटरीनं दोन उन्हाळे काढले की तीन मिनिटंसुद्धा भरवसा नाही. कॉम्प्युटर बंद होता होताच यूपीएस बसतो आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना करंट तुटतो. विंडोजची एनटीएफएस फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, स्वतःचा सांगाडा जर्नलमधून म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून बरोबर जुळवून घेते, पण अर्धवट लिहिलेल्या फाईलीच्या आत काय होतं ते काही जर्नल परत आणत नाही. म्हणून मला हा विषय लई महत्त्वाचा वाटतो.

आमच्या दाजींचं असंच केंद्र आहे, सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले आणि पावसाळ्यात पीकविमा. त्यांचा फोन आला तेव्हा मागं यूपीएसचा आवाज ऐकू येत होता.

"शटडाऊन दिलंय, ठिपके नुसते गरगर फिरायलेत. कव्हर थांबायचं सांग बरं? बटन दाबून धरू का?"

"दाजी, बटनाला हात लावू नका. कॅबिनेटवर हार्डडिस्कचा बारका लाल लाईट आहे ना, तो लुकलुकतोय का सारखा पेटलाय?"

"सारखा पेटलाय की."

हा लाईट लई कामाचा आहे, पण त्याच्याकडं कुणीच बघत नाही. तो विझलेला असेल आणि स्क्रीन अडकलेली असेल तर बहुतेक एखादा प्रोग्रॅम, सर्व्हिस (मागं गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) नाहीतर ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा) उत्तर देत नाही. सारखा पेटलेला असेल तर डिस्कवर काहीतरी जोरात लिहिणं-वाचणं चालूये, आणि अशा वेळी पॉवर बटन दाबणं सगळ्यात वाईट.

गेल्यावर मी आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम. तिथं ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल असं आत जायचं. त्यात इव्हेंट आयडी २०० म्हणजे बंद व्हायला किती वेळ लागला ते, मिलिसेकंदात. १,८०,००० दिसलं की समजायचं तीन मिनिटं. कुणामुळं उशीर झाला ते त्याच्या आसपासच्या नोंदींत येतं, २०१ असेल तर ॲप्लिकेशन, २०३ असेल तर सर्व्हिस. दाजींकडं २०३ मध्ये प्रिंट स्पूलरचं, म्हणजे प्रिंट रांगेत लावणाऱ्या सर्व्हिसचं, नाव आलं, आणि सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची रांगच होती, म्हणजे नीट बंद न होता करंट गेल्याच्या खुणा.

स्पूलरचं पटकन उरकलं. सर्व्हिस थांबवली, सिस्टीम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आत प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं त्यात अडकून पडलेले जुने प्रिंट काढून टाकले, सर्व्हिस परत चालू केली. फरक पडला पण थोडाच, लाल लाईट अजूनही तसाच पेटून राहायचा.

मग रिस्टार्ट देऊन बघितलं. हे का, तर विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आलीये, ती चालू असली की शटडाऊन दिल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, कर्नलचा म्हणजे स्वतःच्या गाभ्याचा भाग डिस्कवर लिहून ठेवतं म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. रिस्टार्टला मात्र ते सगळं खरोखर बंद करतं. रिस्टार्टला बंद होणं झटपट आणि शटडाऊन हळू असेल तर संशय फास्ट स्टार्टअपवर घ्यायचा. इथं ते आधीपासूनच बंद होतं आणि रिस्टार्टलाही तेवढाच वेळ, म्हणजे ती वाट संपली.

पुढं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवायच्या जागेत, व्हर्बोज स्टेटस १ केलं. याच्यानं बंद होताना नुसतं शटिंग डाऊन न दाखवता विंडोज कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहून दाखवतं. सर्व्हिसेस थांबवायचा टप्पा पटकन गेला, आणि सगळ्यात शेवटच्या टप्प्यावर येऊन गाडी थांबली, लाईट पेटलेला. सगळं बंद झाल्यावर शेवटी डिस्कवर एवढं लिहितंय कोण? म्हणून रजिस्ट्रीतला मेमरी मॅनेजमेंटचा कप्पा उघडला आणि तिथं क्लिअर पेजफाईल ॲट शटडाऊनची किंमत १ होती, जी मुळात ० असते.

पेजफाईल म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी जागा वापरतं ती. ही सेटिंग १ केली की दर वेळी बंद होताना ती पूर्ण फाईल शून्यांनी पुसून काढतं, जेणेकरून रॅममधून तिथं आलेले पासवर्ड, कागदपत्रं मागं राहू नयेत. जिथं गोपनीय काम चालतं तिथं हे बरोबरच आहे. पण इथं पेजफाईल १२ जीबीची आणि जुनी हार्डडिस्क, सेकंदाला १०० एमबी लिहिलं तरी दोन मिनिटं नुसती पुसण्यात जाणार, आणि ही डिस्क तेवढंही लिहीत नव्हती. कुणी केलं असेल? दाजी म्हणाले, मागं फॉर्मॅट करणाऱ्या पोरानं स्पीड वाढवायची म्हणून पेनड्राईव्हवरून कायतरी टाकलं होतं. असल्या तयार रजिस्ट्री फाईली फिरत असतात, आत काय आहे ते न बघता डबल क्लिक करतात लोक.

किंमत परत ० केली, रिस्टार्ट दिलं, आणि पुढच्या खेपेला चहा अर्धा व्हायच्या आत कॉम्प्युटर गप्प. दाजी दोनदा बघून आले खरंच बंद झालाय का.

याच विषयावर अजून एक उपाय सगळीकडं सांगतात, वेट टू किल सर्व्हिस टाईमआऊट, म्हणजे बंद होताना सर्व्हिसला आवरायला दिलेला वेळ, कमी करा म्हणून. विंडोज १० मध्ये तो ५,००० म्हणजे पाच सेकंद असतो, लोक २,००० करतात. कृपा करून करू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस त्या पाच सेकंदांतच स्वतःचं लिहून घेत असतो, त्याचा वेळ तोडून काय मिळवणार? उशीर कुणामुळं होतोय ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचायला पाहिजे.

डिस्कची तब्येतही बघून घेतली. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यात, सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) वाढायला लागलेत, तेव्हा सगळ्या डेटाची कॉपी त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर काढली, आणि विम्याची गर्दी ओसरली की एसएसडी टाकायची असं ठरलंय. यूपीएसची बॅटरी मात्र लगेच बदलली, १२ व्होल्ट ७ एएचची. तिचं आयुष्य साधारण २५ अंशाच्या हिशेबानं धरलेलं असतं आणि वर दर दहा अंशाला ते जवळपास निम्मं होतं, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या घरात. दाजींचा यूपीएस पत्र्याखालच्या फळीवर होता, तो आता खाली फरशीवर ठेवलाय, भिंतीपासून चार बोटं सोडून.